हार्मोनच्या रिपोर्टात आधी हाक बघा, मग ओ

प्रश्न इंदूरच्याच एका आईचा आहे. लेक २१ वर्षांची, सुदामानगरला घरी राहते, भंवरकुआँला क्लासला जाते, राज्यसेवेची तयारी करते. आठ महिन्यांत पाळी तीनदाच आली. रक्तात टीएसएच ६.२, प्रोलॅक्टिन ४१, एएमएच ७.४. सोनोग्राफीत दोन्ही बाजूंना पीसीओडी लिहिलंय. एका डॉक्टरांनी थायरॉइडची गोळी सुरू करायला सांगितली, दुसऱ्यांनी गर्भनिरोधक हार्मोनच्या २१ गोळ्यांचं पाकीट दिलं, तिसऱ्यांनी डोक्याचा एमआरआय लिहिला. आत्याबाईंचं म्हणणं, लग्न करून टाका, सगळं आपोआप मार्गी लागेल. आई विचारते: हार्मोन बिघडले म्हणजे नक्की काय बिघडलं? तीन डॉक्टरांची तीन मतं कशी? आणि पुढे मूल होईल ना?

ताई, आत्याबाईंपासून सुरुवात करते. सत्तावीस वर्षं मी ओपीडीत बसते आहे. लग्नानं कुणाची पाळी सुधारल्याचं अजून पाहिलं नाही. लग्नानंतर दिवस गेले म्हणून थांबलेली मात्र पुष्कळदा पाहिली.

आता तीन मतांकडे. तिघांनी एकेक आकडा उचलला आणि त्याच्यावर औषध लिहिलं. टीएसएच दिसला, थायरॉइडची गोळी. प्रोलॅक्टिन दिसलं, एमआरआय. सोनोग्राफी दिसली, पाकीट. तुम्ही पाठवलेल्या चार पानांत लेकीचं वजन आणि उंची मात्र कुठेच नाही, आणि या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात आधी तेच हवं होतं. का, ते सांगते, पण त्याआधी थोडं मागून यावं लागेल.

संध्याकाळी स्वयंपाकघरातून आई हाक मारते. वरच्या खोलीतून पोरानं ओ दिली की ती गप्प बसते. ओ आली नाही तर दुसरी हाक जरा चढ्या आवाजात जाते, तिसरी शेजारच्या काकूंनाही ऐकू जाते. आपल्या अंतःस्रावी ग्रंथींचा बराचसा कारभार याच रीतीनं चालतो. नाकाच्या मुळामागे, मेंदूच्या तळाशी, हाडाच्या छोट्या खोबणीत पिट्युटरी ग्रंथी बसलेली असते. वाटाण्याएवढी, वजन साधारण अर्धा ग्रॅम. तिच्या डोक्यावर हायपोथॅलॅमस, म्हणजे मेंदूचाच एक तुकडा. पिट्युटरी रक्तात टीएसएच सोडते, ती हाक. गळ्यातला थायरॉइड टी४ सोडतो, ती ओ. टी४ पुरेसा झाला की पिट्युटरीला कळतं आणि टीएसएच खाली येतो. एफएसएच-एलएच या हाका, त्यांना अंडाशय इस्ट्रोजेननं आणि वृषण टेस्टोस्टेरॉननं ओ देतात. एसीटीएच ही हाक, मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉलनं, म्हणजे ताण झेलायला लागणाऱ्या हार्मोननं, ओ देतात.

एवढं लक्षात घेतलं की रिपोर्टातला एकटा आकडा किती मुका असतो ते कळेल. ‘मॅडम, थायरॉइड निकल आया’ असं हिंदीत आणि ‘मला थायरॉइड आहे’ असं मराठीत मी रोज ऐकते. अहो, थायरॉइड सगळ्यांनाच असतो! टीएसएच वाढलाय याचा अर्थ आई ओरडते आहे. पोरगं ओ देतंय की नाही, ते टी४ सांगणार. आणि पॅकेजवाल्या तपासणीत पुष्कळदा नेमका तोच नसतो.

तुमच्या लेकीचा ६.२ हा आवाज थोडाच चढलेला आहे. ही हाक फार नाजूक असते. टी४ निम्म्यावर आला तर टीएसएच शंभरपटीपर्यंत चढू शकतो, म्हणून थायरॉइड खरंच बसला की आकडे ४०, ८०, १०० असे दिसतात. ६.२ ला मी आधी फ्री टी४, म्हणजे रक्तात मोकळा फिरणारा टी४, मागते, शरीरच थायरॉइडवर उलटलंय का ते सांगणारी टीपीओ अँटीबॉडी बघते आणि दोन-तीन महिन्यांनी टीएसएच पुन्हा करते. पुष्कळांचा तो आपसूक जागेवर आलेला असतो. शिवाय एक प्रश्न विचारते, जो रिपोर्टावर छापलेला नसतो: आदल्या रात्री झोपली होती का? टीएसएच रात्री चढतो आणि झोप त्याला दाबून धरते. पहाटे तीनपर्यंत पुस्तकात डोकं घालून सकाळी आठला रक्त दिलं तर तो आहे त्यापेक्षा वर दिसू शकतो. भंवरकुआँच्या मुलांत ही गोष्ट मला वरचेवर सापडते. आकडा १० च्या वर गेला, किंवा दिवस राहिलेत, किंवा मूल हवंय, तर हिशेब वेगळा, तेव्हा मी गोळीला उशीर करत नाही. आणि ज्यांना गोळी खरंच हवी, त्यांनी ती उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी आणि चहाला अर्धा तास तरी थांबावं. कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या चार तास लांब. टी४ रक्तात निम्मा व्हायला साधारण सात दिवस घेतो, त्यामुळे डोस बदलला की सहा आठवड्यांच्या आत टीएसएच करणं म्हणजे पैसे वाया.

हाक आणि ओ जोडीनं का बघायची, हे मला एका बाईनं शिकवलं, आणि तेही माझ्या चुकीतून. सरकारी शिबिरात आली होती, तिशीची, सासूबाई बरोबर. तक्रार थकव्याची. मेमध्ये, इंदूरच्या उन्हाळ्यात, अंगात स्वेटर. रक्तदाब ९० च्या आसपास. हातात टीएसएचचा रिपोर्ट, २.१, ‘नॉर्मल’. हिमोग्लोबिन कमी होतं, मी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि पुढचा पेशंट घेतला. दोन महिन्यांनी ती पुन्हा आली, तशीच. या वेळी सासूबाईच बोलल्या: “हिला धाकट्याच्या वेळी दूधच आलं नाही हो. अळिवाची खीर झाली, डिंकाचे लाडू झाले, शतावरी झाली. एक थेंब नाही.” मी लेखणी खाली ठेवली. विचारलं, बाळंतपणात रक्त किती गेलं? तीन बाटल्या चढवल्या होत्या. पाळी? त्या बाळंतपणानंतर आलीच नाही. मूल सहा वर्षांचं झालं होतं. बाळंतपणानंतर काही महिने पाळी येत नाहीच म्हणून आधी कुणी विचार केला नाही, नंतर घरातल्यांना सोयीचंच वाटलं. काखेतले केसही गेले होते, पण ते कोण सांगतं.

फ्री टी४ केला, ०.४. खालच्या मर्यादेच्याही निम्मा. इतक्या कमी टी४ ला टीएसएच पन्नासच्या पुढे ओरडायला हवा होता. तो २.१ वर शांत बसला होता, कारण हाक मारणारीच गेली होती. गरोदरपणात पिट्युटरी वाढलेली असते, तिला रक्त जास्त लागतं. बाळंतपणात अतोनात रक्तस्राव झाला की तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि ती वाळून जाते. १९३७ साली शीहान यांनी याचं वर्णन केलं, म्हणून याला शीहान सिंड्रोम म्हणतात. श्रीमंत देशांत आता क्वचित दिसतो, आपल्याकडे अजून दिसतो. घर शांत आहे म्हणून मी सगळं ठीक मानलं, आणि घरात कुणी हाक मारायलाच उरलं नव्हतं. तिचं सकाळचं कॉर्टिसॉलही तळाला होतं. इथे आणखी एक फसगत आहे. अशा बाईला आधी थायरॉइडची गोळी दिली तर शरीराचा वेग वाढतो, उरलंसुरलं कॉर्टिसॉल भराभर खर्च होतं आणि ती कोसळू शकते. म्हणून आधी हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे गोळीतलं कॉर्टिसॉल, मग थायरॉइड, मग बाकीचं. तीन आठवड्यांनी ती स्वेटर न घालता आली. तेव्हापासून थकव्याच्या बाईला मी पहिला प्रश्न ‘बाळाला दूध आलं होतं का’ हा विचारते.

आता प्रोलॅक्टिन ४१. या हार्मोनचा न्याय उलटा आहे. पिट्युटरीच्या बाकी हार्मोनांना हायपोथॅलॅमस हाक मारून जागं करतो, प्रोलॅक्टिनला तो दटावून गप्प बसवतो. ही दटावणी म्हणजे डोपामिन. दटावणारा हात जरा सैल पडला की प्रोलॅक्टिन डोकं वर काढतं. बाळ अंगावर पीत असताना हा हात मुद्दाम सैल होतो, दूध तयार होतं, आणि वाढलेलं प्रोलॅक्टिन पाळी आणणाऱ्या साखळीला वरूनच थांबवतं. अंगावर पाजताना पाळी लांबते ती यामुळे. लेकीच्या बाबतीत बाळ नाही, मग हात सैल कुणी केला?

ताई, मी पैज लावत नाही, पण इंदूरमध्ये या प्रश्नाचं उत्तर मला पुष्कळदा पर्समध्ये सापडतं. सकाळी पोहे-जिलबी, दुपारी वडापाव, रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत, मध्ये चहावर चहा आणि सेव. मग अ‍ॅसिडिटी. मग केमिस्टकडून चिठ्ठीशिवाय घेतलेली कॅप्सूल, रोज उपाशीपोटी, महिनोन्‌महिने. या कॅप्सूलच्या पाकिटावर मागे बारीक अक्षरात दोन नावं असतात: एक अ‍ॅसिडचं औषध आणि बहुधा त्याच्या जोडीला डॉम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड. ही दोन्ही डोपामिनला अडवतात. डॉम्पेरिडोन मेंदूत फारसं शिरत नाही, म्हणून ते निरुपद्रवी समजलं जातं, पण पिट्युटरी मेंदूभोवतीच्या कुंपणाच्या बाहेर आहे, तिथे ते आरामात पोचतं. प्रोलॅक्टिन चढतं, पाळी लांबते, कधी स्तनातून दुधासारखा स्राव येतो आणि अख्खं घर घाबरतं. गोळी बंद केली की थोड्या दिवसांत खेळ खलास.

दुसरं कारण सुई. रक्त काढताना घाबरली, धावत जिना चढून आली, झोपेतून उठल्या उठल्या रक्त दिलं, तरी प्रोलॅक्टिन वाढतं. उठून दोन-तीन तास झालेले असावेत, वीस मिनिटं शांत बसवावं, मग रक्त घ्यावं. तिसरं कारण थायरॉइड: हायपोथॅलॅमस थायरॉइडसाठी जे टीआरएच पाठवतो, ते प्रोलॅक्टिनलाही ढोसतं. थायरॉइड खरंच मंद असेल तर दोन्ही आकडे एकाच गोष्टीचे निघतात. पिट्युटरीत प्रोलॅक्टिनची गाठ असेल तर आकडा बहुतेक वेळा शंभराच्या पुढे, दोनशे-पाचशे असा असतो. ४१ वर, नीट पुन्हा तपासल्याशिवाय, मी एमआरआय लिहिणार नाही. डोकं सतत दुखत असेल किंवा डोळ्यांच्या कडेचं दिसेनासं झालं असेल तर मात्र लगेच लिहीन.

जाता जाता हेही: हा आकडा नॅनोग्रॅममध्ये असतो. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. एवढं मोजता येणं हीच पन्नाशी-साठीच्या दशकातली मोठी झेप. न्यूयॉर्कच्या रोझलिन यालो यांनी सॉलोमन बर्सन यांच्याबरोबर ती पद्धत काढली, आणि १९७७ साली त्यांना नोबेल मिळालं. बर्सन तोवर वारले होते. त्याच वर्षी नोबेलचा उरलेला वाटा गियमाँ आणि शॅली या दोघांना मिळाला. एकमेकांशी अटीतटीनं स्पर्धा करणारे हे दोघे. लाखो मेंढ्या आणि डुकरांचे हायपोथॅलॅमस कत्तलखान्यांतून आणून त्यांनी पिट्युटरीला जाणाऱ्या हाका वेगळ्या काढल्या. पाळीची सगळी साखळी ज्या हाकेनं सुरू होते ते जीएनआरएच त्यातलंच एक.

आणि या जीएनआरएचमध्येच लेकीच्या पाळीची खरी गंमत आहे. ते नुसतं असून चालत नाही, ठेक्यात यावं लागतं. पाळीच्या पहिल्या अर्धात साधारण दर तास-दीड तासानं एक ठोका. १९७८ साली अर्न्स्ट नोबिल यांच्या गटानं माकडिणींवर हे दाखवलं: तासातासानं जीएनआरएच दिलं तर एलएच-एफएसएच नीट येतात, तेच सलाइनसारखं अखंड दिलं तर दोन्ही बंद पडतात. दिवसभर एकसारखं हाका मारणाऱ्या आईकडे पोरं लक्ष देत नाहीत, तसंच. डॉक्टर याचा उपयोगही करून घेतात. सात वर्षांच्या मुलीला पाळीची लक्षणं दिसू लागली तर जीएनआरएचसारखंच, पण अखंड काम करणारं इंजेक्शन देऊन ती वेळ पुढे ढकलता येते.

ठेका नीट असेल तर महिन्याची गोष्ट अशी. एफएसएचच्या हाकेनं अंडाशयातली काही पुटकुळ्यांएवढी फॉलिकल, म्हणजे अंडं पोटात घेतलेल्या पिशव्या, वाढू लागतात, त्यातलं एक पुढे जातं आणि इस्ट्रोजेन सोडतं. सुरुवातीला नेहमीचा नियम: इस्ट्रोजेनची ओ ऐकून एफएसएच कमी होतो, मागे पडलेली फॉलिकल उपाशी सुकतात, एकच उरतं. ते २० मिलिमीटरच्या आसपास पोचेपर्यंत इस्ट्रोजेन २०० पिकोग्रॅमच्या वर जातं. ते तिथे दोनेक दिवस टिकलं की जन्मभर पाळलेला नियम शरीर एका दिवसापुरता मोडतं. ओ ऐकून हाक थांबायची ती उलट दसपट होते. एलएच उसळतो आणि साधारण ३६ तासांनी अंडं बाहेर पडतं. इतकी वर्षं झाली, हे शिकवताना मला अजून मजा येते. मागे राहिलेलं रिकामं टरफल पिवळं पडतं, प्रोजेस्टेरॉन बनवतं आणि गर्भ राहिला नाही तर दोन आठवड्यांत मरतं. ते मेलं की पाळी. पाळी ‘लांबते’ ती पहिल्या अर्धात, दुसरा जवळपास ठरलेला असतो. म्हणून ३५ दिवसांची पाळी असणाऱ्या बाईचं प्रोजेस्टेरॉन २१व्या दिवशी तपासून ‘अंडं फुटत नाही’ असं सांगणं चूक. तिचा दिवस २८वा.

आता वजनाकडे येते. लेकीसारखी पाळी लांबलेल्या मुलींत मला दोन अगदी उलट गोष्टी दिसतात आणि दोघींच्या सोनोग्राफीवर एकच शब्द छापलेला असतो.

पहिलीचं वजन वाढलेलं असतं, निदान पोटावर तरी. हनुवटीवर राठ केस, मानेमागे काळपट मखमली पट्टा. मुली तो मळ समजून बेसन-हळदीनं घासत असतात, आई ‘नीट आंघोळ कर’ म्हणून ओरडते. तो मळ नसतो, रक्तात इन्सुलिन फार झाल्याची ती खूण असते. शरीर इन्सुलिनला दाद देत नाही म्हणून स्वादुपिंड ते जास्त सोडतं. साखर त्यानं काबूत राहते, पण अंडाशयाला हे जादा इन्सुलिन ऐकू येतं आणि एलएचच्या जोडीनं ते तिथून पुरुषी हार्मोन वाढवतं. यकृत त्या हार्मोनांना बांधून ठेवणारं प्रथिनही कमी बनवतं, म्हणजे मोकळे फिरणारे आणखी वाढतात. वर जीएनआरएचचा ठेका जलद झालेला, त्यामुळे एलएच चढा. या सगळ्यात फॉलिकल पाच-आठ मिलिमीटरवर अडकून बसतात. सोनोग्राफीत दिसणाऱ्या त्या माळेला सिस्ट म्हणतात, पण त्या गाठी नसतात, वाटेत थांबलेली फॉलिकल असतात. एएमएच हीच लहान फॉलिकल सोडतात, म्हणून तो वाढलेला. हा पीसीओएस, सोनोग्राफीच्या कागदावरचा पीसीओडी. सडपातळ मुलींनाही होतो, पण तिथे पुरुषी हार्मोनांची काही तरी खूण शोधावी लागते.

दुसरी मुलगी सहा महिन्यांत नऊ किलो उतरलेली असते. परीक्षेचा ताण, मेसचं जेवण नको, रात्री दोन बिस्किटं, वर यूट्यूब बघून रोज तासभर दोरीवरच्या उड्या. चरबीतून येणारं लेप्टिन घटलं की हायपोथॅलॅमसला वाटतं दुष्काळ पडलाय, यंदा मूल परवडणार नाही. तो जीएनआरएचचा ठेका मंदावतो. एलएच, एफएसएच, इस्ट्रोजेन सगळेच खाली. आणि हिच्याही सोनोग्राफीत पुष्कळ लहान फॉलिकल दिसू शकतात! हिला ‘पीसीओडी आहे, वजन कमी कर’ असं सांगितलं की आगीत तेल. हिला पोळी-भात, तूप, झोप आणि कमी व्यायाम हवा. नाही तर हाडं ठिसूळ होऊ लागतात. म्हणून ताई, वजन हवं. आजचं आणि वर्षापूर्वीचंही.

सोनोग्राफीबद्दल आणखी एक. लेकीला पहिली पाळी तेराव्या-चौदाव्या वर्षी आली असेल तर आत्ता कुठे तिला सात-आठ वर्षं झालीत. पहिल्या पाळीपासून आठ वर्षांच्या आत सोनोग्राफीवरून पीसीओएस ठरवू नका, असं २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात स्पष्ट म्हटलंय, कारण त्या वयात निरोगी मुलींचीही अंडाशयं अशीच दिसतात.

दुसऱ्या डॉक्टरांच्या २१ गोळ्या चुकीच्या आहेत असं माझं म्हणणं नाही. त्या काय करतात एवढं समजून घ्या. त्या बाहेरून ओ देतात. पिट्युटरीला वाटतं घरात सगळं मिळतंय, ती हाक थांबवते, अंडाशय विश्रांती घेतं आणि पाकीट संपलं की रक्त जातं. पाळी ‘रेग्युलर’ दिसते, ती पाकिटाची असते. मुरुम आणि राठ केसांना त्यांचा उपयोग होतो. तीन-तीन महिने पाळी न आल्यानं गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं, त्यालाही त्या आवरतात. मात्र वजन उतरून पाळी थांबलेल्या मुलीला हेच पाकीट दिलं तर दर महिन्याला सगळं ठीक असल्याचा देखावा होतो आणि आतला दुष्काळ तसाच राहतो.

बाहेरच्या ओचा सगळ्यात वाईट नमुना तर मुलांत बघते. जिमच्या ट्रेनरनं दिलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेऊन दंड फुगवलेले, लग्नाला दोन वर्षं झाली, मूल नाही. बायकोच्या चार तपासण्या आधी झालेल्या असतात. याचं वीर्य तपासलं तर शुक्राणू शून्य. वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉन रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त लागतं, तरच शुक्राणू बनतात. बाहेरून भरलेलं रक्तात राहतं, पिट्युटरी ते ऐकून एलएच-एफएसएच बंद करते आणि आतला कारखाना थंड पडतो. एक शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे इंजेक्शन थांबवूनही महिनोन्‌महिने वाट बघावी लागते. पीळदार शरीराकडे बघून कुणाला पटत नाही.

दम्याला किंवा सांधेदुखीला ‘रामबाण’ पुडी घेणाऱ्यांचंही हेच. काही पुड्यांत स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉलचंच भावंड, कुटून घातलेलं असतं. वर्षभर घेऊन अ‍ॅड्रिनल झोपी गेलेल्या असतात आणि एके दिवशी पुडी थांबवली की उलट्या, चक्कर, रक्तदाब तळाला. अशी पुडी चालू असेल तर ती एकदम बंद न करता आधी डॉक्टरांना दाखवा.

लेकीसाठी मी काय करीन ते क्रमानं सांगते. आधी लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट. रागावू नका. पाळी चुकलेल्या प्रत्येक मुलीची मी ती करते, कुणाची लेक आहे ते न बघता, आणि तिला एकटीला बोलावून. अ‍ॅसिडिटीची गोळी चालू असेल तर ती थांबवायची. केसांसाठी बायोटिन घेत असेल तर रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस बंद, कारण पुष्कळ मशिनांत ते थायरॉइडचे आकडे खोटे दाखवतं. दोन आठवड्यांनी, नीट झोपून, सकाळी रक्त: टीएसएच, फ्री टी४, टीपीओ अँटीबॉडी, प्रोलॅक्टिन, एफएसएच, एलएच, इस्ट्रॅडिओल, एकूण टेस्टोस्टेरॉन, उपाशीपोटी साखर. पाळी आली तर तिच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. थायरॉइडची गोळी आणि एमआरआय तोवर थांबू द्या. पाकीट सुरू केलं नसेल तर तेही थांबू द्या, कारण ते घेताना एफएसएच-एलएच बघून काही कळत नाही. मात्र शेवटच्या पाळीला तीन महिने व्हायला आले असतील तर त्यापुढे ताणू नका, मला आधी कळवा.

मूल होईल का? एएमएच ७.४ म्हणजे अंड्यांचा साठा भरपूर आहे, तो आकडा त्या अर्थानं चांगलाच. पीसीओएस निघाला तरी बहुतेक मुलींना पुढे मूल होतं, काहींना अंडं फुटण्यासाठी थोडी मदत लागते. वजन जास्त असेल तर पाच-दहा टक्के कमी झाल्यानंही पुष्कळींचं अंडं आपसूक फुटू लागतं. औषधात आज पहिली पसंती लेट्रोझोल. ते पाच दिवस इस्ट्रोजेन बनू देत नाही, पिट्युटरीला ओ ऐकू येत नाही, ती एफएसएचची हाक चढवते आणि अडकलेलं फॉलिकल चालू लागतं. या कामासाठी त्यावर भारतात २०११ मध्ये बंदी आली होती, २०१७ मध्ये ती उठली. पण हा विषय लेकीच्या आजच्या वयात डोक्यात घ्यायचा नाही. तिची परीक्षा होऊ द्या.

रिपोर्ट आले की पाठवा. बरोबर तिचं आजचं वजन, गेल्या वर्षीचं वजन, उंची आणि त्या अ‍ॅसिडिटीच्या गोळीच्या पाकिटाचा मागच्या बाजूचा फोटो.